हिराबाईचा उलटा फेरा

आमच्या भिंगारच्या मुलींच्या शाळेत मधल्या सुट्टीत चहा आला, की किस्से निघायचेच. लढाईचे दिवस, साखर रेशनवर, चहा कडूझार; गोडी काय ती किश्शांची! वर्षभरात इतके साठायचे, की कुठला कुणाचा तेही आठवू नये. पण कुसुमचे आठवतात. तेव्हा हसले होते, आता माझीच मला लाज वाटते.

कुसुम सातवीतली, तेरा वर्षांची. नुसती बडबडी! दिवाळीनंतर एकदम गप्प झाली. मला काय, आनंदच! "बघा गं, कुसुमसारखं बसावं," म्हणत मी भर वर्गात तिला शिस्तीचं बक्षीस दिलं. नवीकोरी पेन्सिल! ती पेन्सिल बाकावरच विसरून घरी गेली. "बक्षिसाचाही मोह नाही हो पोरीला!" हे मी चहाच्या वेळी कौतुकानं सांगितलं.

*

तांबोळीमास्तर चित्रकला शिकवायचे. लढाईमुळे कागद मिळेना, म्हणून एकाच कागदाच्या दोन्ही बाजू वापरायचा हुकूम होता. कुसुमनं तासभर बसून कागद कोराच परत दिला. मास्तर खूश! "एवढी समजूतदार मुलगी पाहिली नाही! उद्या हाच कागद दुसऱ्या मुलीला देता येईल!" आम्ही खो खो हसलो.

*

मग तिचा डबा तसाच परत जायला लागला. हेडबाईंनी वडिलांना बोलावलं. ते लष्करी कचेरीत कारकून, सायकल दारातच धरून उभे. "दोन वेळचं जेवण, अंगभर कपडा, वर शाळा! दुःखी व्हायला हिला फुरसत कुठनं मिळते, बाई?"

हेडबाईंनी मान डोलावली. मीही डोलावली. डॉक्टरांनी टॉनिक दिलं, आईनं दृष्ट काढली. पोरीला कुणी काही विचारलं नाही.

*

हिराबाई आमची बोलावणारी बाई. रोज सकाळी घरोघर हाका मारून मुलींना गोळा करायची आणि शाळेत आणायची. कुसुमचं घर शाळेला लागून, म्हणून तिचा नंबर शेवटचा. एकदा हेडबाईंना कळलं, की हिराबाई हल्ली आधी कुसुमला घेते आणि तिला अख्खं भिंगार फिरवून आणते! सुट्टीत आमच्यासमोरच तिला बोलावलं. "हिराबाई, हा उलटा फेरा कशाला? डोकं फिरलंय का?"

"बाई, मागल्या बुधवारी ही पोर इहिरीच्या काठाला एकलीच उभी हुती. घागर न्हाई, कळशी न्हाई. मी हाक मारली तवा मागं फिरली. तवापास्नं आदी तिच्याकडं जाते, ती तयार हून बसल्याली असती. सांजच्याला घरी सोडताना सांगते, उद्या येते म्हनून. दुसरं मला काय येतंय?"

कुणी चहाला हात लावला नाही.

हेडबाईंनी कुसुमला आत बोलावून जवळ घेतलं. "बाळ, आता बरं वाटतं का गं?"

"नाही, बाई."

"मग रोज तयार होऊन बसतेस ती कशाला?"

"हिराबाई येतात ना. मी नसले तर त्या दारात हाका मारत उभ्या राहतील."