आमच्या हॉलमधला गेस्ट

आमच्या धंद्यात भिंती टिकत नाहीत, किस्से टिकतात. व्हर्च्युअल एक्झिबिशन महिनाभर चालतं, मग आम्ही हॉलच डिलीट करतो. चित्रं जातात, पाहणारे तर आधीच गेलेले असतात. किस्से मात्र साठत राहतात. त्यातले निम्मे हसण्यासारखे नाहीत, तरी चहाच्या वेळी आम्ही हसतो. काय करता!

प्रताप नगरात एका डेंटिस्टच्या वर आमच्या दोन खोल्या. नलूताई मालकीण, प्रवीण लाइट लावतो, मी भिंती बांधते. सगळं कॉम्प्युटरवर. एका ऑनलाइन उद्घाटनात चित्रकार मृत्यूवर बोलत होते अन् खाली ड्रिल सुरू झाली. नंतर एकानं कौतुकानं लिहिलं, "पार्श्वसंगीत फार अंगावर आलं!"

*

हिंगण्याचे एक कारखानदार प्रमुख पाहुणे होते. आम्ही स्क्रीनवरच फीत काढली होती, नुसतं बटन दाबायचं. छे! "कैची नाही चालली तं उद्घाटन कसं होईन?" त्यांनी बाजारातून खरी फीत आणली, लॅपटॉपवर आडवी चिकटवली अन् कापली. टाळ्या!

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "मॅडम, तुमच्या सगळ्याच चित्रांवर एक रेघ काहून आहे?"

*

आमच्या पहिल्या एक्झिबिशनला कुत्रंही फिरकलं नाही. आमच्या हॉलमध्ये येणारा माणूस छोट्या बाहुल्यासारखा दिसतो, डोक्यावर नाव. माइक लावला तर आतल्या दुसऱ्याशी बोलताही येतं. नाव नाही दिलं तर 'गेस्ट'. त्या दिवशी चित्रकार बाई एकट्याच या भिंतीवरून त्या भिंतीवर फिरत होत्या. पाहवेना. नलूताई म्हणाल्या, "बसून काय राहिले? जा ना आत, गर्दी करा!"

तेव्हापासून ही आमची रीतच झाली. हॉल रिकामा दिसला की आम्हीच गेस्ट होऊन आत शिरतो. त्या बाईंचा संध्याकाळी फोन आला, आवाज भरून आलेला. "एक जण माझ्या चित्रासमोर किती वेळ उभा होता वं!"

तो प्रवीण होता. डबा खात होता.

*

मग गजभिये सर आले. कळमेश्वरचे, ड्रॉइंग मास्तर म्हणून रिटायर झालेले. जन्मभराची चित्रं मागच्या खोलीत ठेवली होती, ती वाळवीनं खाल्ली. उरले मोबाइलमधले फोटो. प्रवीण म्हणाला, "सर, फोटो चांगले आहेत, भिंतीवर मस्त दिसतील."

सर म्हणाले, "भिंतीवर फोटो लागला म्हंजे काय झालं असते, मले माहीत आहे."



त्यांना एकच बाक हवा होता, सायकलच्या चित्रासमोर. चित्रात सायकलच्या दांड्यावर बसलेला त्यांचा राहुल, लहानपणीचा. मी म्हटलं, सर, बाहुल्यांना बसता येत नाही. "असू दे वं. बस म्हणणारं कोणी तं पाहिजे."

हा राहुल चांगली चित्रं काढायचा. सरांनीच त्याचे रंग फेकून दिले. "मी उपाशी राहिलो, तुले नाही राहू देणार!" पोरगा भरल्या ताटावरून उठला अन् घर सोडून गेला, तो आलाच नाही. सरांनी हॉलची लिंक त्याच्या जुन्या नंबरवर पाठवली होती. उत्तर नाही. एक्झिबिशन जगासाठी नव्हतंच, त्या एका पोरासाठी होतं.

*

शनिवारी हॉल रिकामा होता, म्हणून प्रवीण गेस्ट होऊन गेला. सायकलच्या चित्रासमोर उभा राहिला अन् कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून घरी गेला. रविवारी सुटी.

सोमवारी आम्ही कुलूप काढलं तर आत कोणीतरी बोलत होतं! प्रवीणच्या स्पीकरमधून सरांचा आवाज येत होता. स्क्रीनवर दोन बाहुले. बाकाजवळ सर, अन् चित्रासमोर परवापासून उभा असलेला गेस्ट.

"राहुल, तूच आहे ना? दुसरं कोण इतकं थांबन? त्या दिवशी तू ताटावरून उठला, तं मीही नाही जेवलो गा. अजूनही घास घेतला का तुझं ताट दिसते. रंग फेकाले नको होते मी. काही तरी बोल ना बाप्पा."

प्रवीणचा हात माउसकडे गेला. नलूताई कुजबुजल्या, "बंद नको करू! पोरगा पुन्हा उठून गेला असं वाटंन त्याईले."

"मग माइक चालू करून बोलू का मी? राहुल म्हणून?"

"खबरदार!" मी म्हटलं. मला रडू येत होतं.

स्पीकरमधून पुन्हा आलं, "बोल ना गा."

अन् लाइट गेली. मे महिना, नेहमीचंच. कॉम्प्युटर विझला. हॉल इंटरनेटवर असतो, तो चालूच राहतो, पण प्रवीणचा गेस्ट त्याच क्षणी सरांसमोरून नाहीसा झाला असणार. आम्ही तिघं अंधाऱ्या स्क्रीनकडे पाहत उभे.

माझा फोन वाजला. सर. उचलायची हिंमत होईना. नलूताईंनी डोळ्यांनीच सांगितलं, उचल.

"सुजाता," सर म्हणाले, "तो बोलला वं!"

मी प्रवीणकडे पाहिलं. तो माझ्यासमोरच उभा होता, तोंडावर हात ठेवून.

"'आता जेवून घ्या, बाबा,' म्हणे. ठेवतो मी. ताट वाढाचं आहे."