तळघरातलं नवं कार्पेट

तपासणीला गेल्यावर बूट काढायचे नाहीत, हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात बजावून सांगितलं होतं. खिळा लागेल, काच लागेल. बुटांवर चढवायच्या निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांचं खोकं माझ्या गाडीत कायम असतं. तरी त्या दिवशी दार उघडलं, आत दाराशी चपलांचा स्टँड दिसला आणि माझे पाय आपसूक बुटांतून बाहेर आले. हातात टॅब्लेट, गळ्यात काउंटीचं ओळखपत्र आणि खाली करडे मोजे, त्यातला एक अंगठ्याशी फाटलेला. सरकारी रुबाब जो काय थोडाफार होता तो उंबऱ्यातच संपला.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, हाउसिंग खात्यात मी घरं तपासतो. खातं तसं बरंच काही करतं. बिल्डरांना स्वस्त घरं बांधायला कर्ज देतं, म्हाताऱ्यांच्या दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी उतरण बांधून देतं. माझ्या वाट्याला आलेत ते व्हाउचरवाले. कमी कमाईच्या कुटुंबाला काउंटी व्हाउचर देते. घर त्यांनी बाजारात शोधायचं, झेपेल तेवढं भाडं त्यांनी भरायचं, उरलेलं काउंटी मालकाला देते. ते आत राहायला जाण्याआधी माझ्यासारखा कोणी येऊन खिडक्या उघडतात का, धुराचा अलार्म वाजतो का, जिन्याला कठडा आहे का, हे बघून जातो. पूर्वी मी सॉफ्टवेअरमधले दोष शोधायचो. ती नोकरी गेल्यावर भिंतींतले शोधायला लागलो. घरच्यांच्या मते दोष काढण्याचा सराव मला लग्नानंतरच झाला होता, फक्त पगार उशिरा सुरू झाला.

विमानतळाच्या वाटेवरचं ते टाउनहाउस. दारात दोघं उभी होती. एक घराचा मालक, चाळिशीच्या आतला, इस्त्रीचा शर्ट घातलेला. दुसरी तिथे राहायला येऊ बघणारी बाई, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, कामावरून थेट आलेली. ती आणि तिची मुलगी बरेच महिने बहिणीच्या हॉलमध्ये झोपत होत्या. मुलीला दमा. व्हाउचर हातात आल्यापासून बाई घर शोधत होती. व्हाउचर म्हटलं की समोरचा म्हणायचा, "अहो, कालच गेलं." घर शोधायला काउंटी ठरावीक मुदत देते. ती एकदा वाढवून दिली होती, आता पुन्हा वाढणार नव्हती. मालक हो म्हणाला की मुदतीचं घड्याळ थांबतं. तपासणीत घर नापास झालं, तरी मालक दुरुस्तीला तयार असेल तोवर थांबलेलंच राहतं. पण मालकाने अंग काढून घेतलं तर उरलेले दिवस पुन्हा सुरू. तिचा आठवडाही उरला नव्हता.

मालकाने माझ्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचलं, त्याचा चेहरा उजळला आणि तो म्हणाला, "अहो, तुम्ही तर आपलेच निघाले! आम्ही नागपूरचे. थांबा थांबा, वहिनी मराठी मंडळाच्या नाटकात असतात ना? माझी मिसेस ओळखते त्यांना."

मी हसलो. हसायला नको होतं, पण मराठी ऐकलं की माझा चेहरा मला विचारत नाही.

वरचे दोन मजले छान होते. गॅस पेटला, गरम पाणी आलं, अलार्म असा केकाटला की बाईने कानांवर हात ठेवले आणि पहिल्यांदाच हसली. "ही खोली माझ्या मुलीची," ती म्हणाली आणि लगेच सावरून घेतलं, "म्हणजे, झाली तर."

मग आम्ही तळघरात उतरलो. तिथे दाट, पांढुरकं, नवंकोरं कार्पेट होतं. "परवाच टाकलं," मालक मराठीत म्हणाला. "खास तुमच्यासाठी. काउंटीचा माणूस येणार, म्हटलं घर कसं दिसलं पाहिजे!"

कोपऱ्यातल्या एसीच्या कपाटापाशी मी गेलो आणि उजवा मोजा ओला झाला. आधी वाटलं गार लागतंय. मग फाटक्या भोकातून अंगठ्याला पाणी लागलं. वाकून हाताने दाबलं, बोटांमध्ये पाणी आलं. कार्पेटची कड उचलली तर खाली काळपट डाग आणि बंद डब्यासारखा वास. डाग काही परवाचे नव्हते. बूट घालून आलो असतो तर त्यावर उभा राहून मी घर पास केलं असतं.

मी टॅब्लेट काढला.

"हे काय लिहून राहिले?" मालक अजून हसतच होता.

"ओल आहे. आणि बुरशी."

"अहो दादा, एसीचं थोडं पाणी आहे ते. पंखा लावला की वाळते. आज पास करून टाका, मी बघतो नंतर."

"नंतर नाही चालत."

हसू गेलं. बाईकडे न बघता, अगदी सहज गप्पा मारल्यासारखं तो मराठीत म्हणाला, "मग ऐका. मला दुसरा टेनंट तयार आहे. आयटीवाला, काही झंझट नाही. तुम्ही नापास लिहिलं तर मी हिला नाही म्हणतो आणि मोकळा होतो. तुम्हीच ठरवा. आपल्या माणसाला त्रास द्यायचा का ते."

बाईला एक अक्षर कळलं नव्हतं, पण ती आमच्या चेहऱ्यांवरून बरंच वाचत होती. तिने मला इंग्रजीत विचारलं, "काय म्हणाले ते?"

मालकाने मान किंचित हलवली. आपल्यातलं आपल्यात, अशी.

"ते म्हणाले," मी इंग्रजीत म्हटलं, "की मी ही ओल लिहिली तर ते घर दुसऱ्याला देतील. आणि मी ती लिहितोय."

मला वाटलं, ती माझ्या बाजूने बोलेल. ती म्हणाली, "लिहू नका."

"तुमच्या मुलीला दमा आहे."

"मला माहीत आहे तिला काय आहे. ती वरच्या खोलीत झोपेल. हे दार मी बंद ठेवीन. प्लीज, लिहू नका. मला दुसरं घर मिळणार नाही."

नियम होता, तो मी म्हणून दाखवला. माझा आवाज मलाच फोनवरच्या रेकॉर्डिंगसारखा वाटला. मालक जिना चढला. पुढचं दार आपटलं.

आम्ही वर आलो. खिडकीतून त्याची गाडी दिसत होती. तो आत बसून फोनवर बोलत होता. गाडीचे मागचे लाल दिवे लागले. बाईने खिडकीची चौकट धरली. तो निघाला असता तर तिचं घड्याळ तिथून चालू होणार होतं, आणि ते चालू करणारा मी होतो. दिवे विझले. पुन्हा लागले.

शेवटी मी बाहेर गेलो. त्याने काच अर्धीच खाली केली.

"आपल्या माणसाचं बोलणं असं तिकडे सांगतात का?"

"तिच्याच घराबद्दल होतं ना."

"घर माझं आहे!"

"तेही आहे," मी म्हटलं. आता समजूत घालायची, तर मला तेवढंच सुचेना. मग मनातलंच बोललो. "तुम्ही ते कार्पेट टाकलंत कशाला? आम्ही कार्पेट बघतच नाही. नुसती सिमेंटची जमीन असती तरी चाललं असतं. कोरडी हवी, बस."

"म्हणजे कार्पेट लागतच नाही?"

"नाही."

"मी दोन दिवस झोपलो नाही त्या कार्पेटपायी! घरमालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे म्हणाले, काउंटीवाले कडक असतात, घर चकाचक ठेव. मिसेस आताच फोनवर म्हणाली, पाहुणे यायच्या आधी चादर बदलतो तसं केलं तुम्ही, खालची गादी बघितलीच नाही." तो हसला नाही, पण त्याने चावी फिरवून गाडी बंद केली. मग हळूच म्हणाला, "एसीची तुंबलेली नळी मोकळी करून कार्पेट उचललं, खालचं साफ करून वाळवलं, तर?"

"तर पुन्हा तपासणी. पण मी नाही येणार. आपल्या बायका ओळखीच्या आहेत, हे मला ऑफिसात सांगावं लागेल. दुसरा कोणी येईल."

"तो बूट काढेल का?" त्याने विचारलं. माझ्या पायांकडे बघून तो घरात गेला, बाईपाशी थांबला आणि तुटक इंग्रजीत म्हणाला, दुरुस्ती करतो, घर तुम्हालाच. बाई भिंतीला टेकली.

मधले दिवस मी फोनकडे बघत काढले. नळीचा माणूस वेळेवर येईल का, आयटीवाला जास्त गोड बोलेल का, काहीच माझ्या हातात नव्हतं. मग दुपारी सहकाऱ्याचा निरोप आला, घर पास. तळघरात नुसती सिमेंटची जमीन आहे, म्हणाला, पण खडखडीत कोरडी.

संध्याकाळी जेवताना मी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. कार्पेटखालची ओल कशी पकडली, मालकाच्या बोलण्याचं त्याच्या तोंडावर कसं भाषांतर केलं. कौतुकाची वाट बघत आमटीची वाटी पुढे केली.

तिने आमटी वाढली. म्हणाली, "बरोबर केलंस. पण तो गाडी घेऊन निघून गेला असता, तर तू इथेच येऊन जेवला असतास. ती बाई मुलीला काय सांगणार होती?"

मी म्हटलं, "नियम तर नियम..."

"ते मला माहीत आहे. मी नियमाचं विचारलं नाही," ती म्हणाली, आणि भात घेणार का ते विचारलं.