लॅमिनेट केलेलं कार्ड

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, दोन पेग पोटात गेल्यावरही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखलंत तरी आता काय होणार आहे?

बल्लारपूरला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. फारुख माझा शाळेपासूनचा मित्र, त्याच्या वडिलांचं रद्दीचं गोदाम. तिथे परदेशी रद्दीचे गठ्ठे यायचे आणि त्यांत कधीमधी बास्केटबॉल खेळाडूंची जुनी कार्डं निघायची. पत्त्याएवढी, पुढे फोटो, मागे खेळाचे आकडे. आम्ही दोघं शाळेच्या संघात खेळलेलो, म्हणून आधी नुसतीच हौस होती. मग मीच मोबाईलवर शोधून काढलं की तिकडे लोक यासाठी लाखो मोजतात. धरायचं ते कडेला, कोपरा दुमडला की किंमत गेली — फारुखला हे सगळं मी शिकवलं. मी!

आमचा नियम साधा होता. गठ्ठ्याची पट्टी कापायची, दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं, ज्याच्याकडे जे पडेल ते त्याचं. त्या दिवशी माझ्या डोळ्यांवर ऊन येत होतं. मी म्हटलं, बाजू बदल. त्याने बदलली. आणि ते कार्ड त्याच्या पायाशी पडलं — चाळीसेक वर्षांपूर्वीचं, एका फार मोठ्या खेळाडूचं अगदी पहिलं, चारही कोपरे शाबूत. त्याने मला मिठी मारली. मी मनात म्हणत होतो, हे माझं आहे. ऊन नसतं तर माझंच असतं ना?

मुंबईचं एक गिऱ्हाईक तयार झालं. त्या पैशातून फारुख रद्दीतून सुटणार होता, खेळाच्या सामानाचं दुकान टाकणार होता. गाळाही पाहून ठेवलेला. गिऱ्हाइकाला दोन्ही बाजूंचं स्वच्छ स्कॅन हवं होतं, म्हणून कार्ड त्याने माझ्याकडे आणून दिलं. दुसऱ्या कोणाकडे देणार होता?

आमच्याकडे माणूस जे जपायचं ते लॅमिनेट करून आणतो. आधार कार्ड, मुलाची गुणपत्रिका, गेलेल्या बापाचा फोटो. पण असल्या कार्डाचं त्याच प्लास्टिकने वाटोळं होतं. एकदा गरम मशीनमधून गेलं की मातीमोल. हे बल्लारपुरात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

लॅमिनेशनच्या मशीनवर माझ्याकडे कामाला सुनिता असायची. दुपारी ती मागे डबा खायला गेली. टेबलावर तिचा रेशन कार्डांचा ढीग, मशीन तापलेलं. मी ते कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घातलं — सरळ, मधोमध — आणि आत सोडलं. चुकून? नाही. बाहेर आलं तसं तिच्या ढिगात सरकवून दिलं.

संध्याकाळी फारुख आला. मी त्याच्यासमोर सुनितावर तोंड सोडलं. हजारदा सांगितलं होतं, पाहून टाकत जा म्हणून! ती रडत होती. मले आठवत नाई, म्हणाली, पण माह्याच हातून गेलं असन. मी तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं. फारुखने कार्ड उलटून पालटून पाहिलं. मग मला म्हणाला,

"तिले काढू नको यार. तिनं जाणूनबुजून नाई केलं."

तरीही मी तिला काढलंच. खोटं पक्कं करायला नको?

फारुख आजही रद्दीच तोलतो. ते कार्ड काट्याच्या वर खिळ्याला लटकवलंय, आल्यागेल्याला हसत दाखवतो. मी गेलो की चहा मागवतो. मी पितो.

यंदा मार्कंड्याच्या जत्रेत सुनिता दिसली. आता ती चामोर्शीला माहेरी राहते, जत्रेत नारळ-अगरबत्ती विकते. मी तोंड चुकवणार, तेवढ्यात तिनेच हाक मारली. हातात नारळ ठेवला, पैसे घेईना.

"भाऊ, त्या कार्डाचं मले आजूनही वाईट वाटते. पाहून टाकाले पायजे होतं मी."

मी म्हणालो, जाऊ दे सुनिता, होते चूक माणसाकडून.

तिचे डोळे भरून आले. नारळ घेऊन मी देवळाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.