एका फेरीचा बिबट्या

"एका फेरीवर काय खरं धरता, भाऊ? पुन्हा सोडा." आमच्या माडीवर भाड्यानं राहणाऱ्या बाईंचं हे वाक्य इतकं अंगवळणी पडलं होतं, की घरात चहा बिघडला तरी कुणीतरी तेच म्हणायचं.

बाई कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायच्या. माहेर महाळुंगे पडवळचं, शेतकऱ्याघरचं. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घेताना त्या डोळे मिटून क्रेटमध्ये कोपरापर्यंत हात घालायच्या. कधी तळातून काढायच्या, कधी मधून. "वरचे सगळे हसरेच असतात," म्हणायच्या. टोमॅटोवाले वैतागायचे. तुम्हीही वैतागला असता.

त्या साली बिबट्यानं आमच्या गावाची झोप उडवली होती आणि वनखात्याकडून पिंजरा मात्र एकच मिळणार होता. तो कुठं लावायचा, हे शोधायचं काम बाईंनी आपणहून अंगावर घेतलं. कॉम्प्युटरवर गावाचा नकाशा केला. ऊस, ओढा, गोठे, वस्त्या, सगळं. त्यात बिबट्या म्हणून एक पिवळा ठिपका सोडायचा. पुढचं पाऊल कुठं, ते कॉम्प्युटर दर वेळी चिठ्ठी उचलल्यासारखं ठरवणार. उसाकडं, पाण्याकडं कल जरा जास्त. असा तो हजारो वेळा सोडायचा. जिथं तो जास्त वेळा पोचेल, ती जागा नकाशावर लाल होत जायची. सगळ्यात लाल झाली ओढ्याकाठची वस्ती. डोंगरातून मजुरीला उतरलेली माणसं तिथं खोपटांत राहतात.

देवळात सभा भरली. वस्तीवरच्यांना बोलवायचं कुणाला सुचलंच नाही. बाईंनी पडद्यावर लाल नकाशा दाखवला, तर लोक जांभया देऊ लागले.

"आवो बाई, पण बिबट्या कुटंय ह्यात?" कुणीतरी ओरडलं.

समजावून सांगायची बाईंना भारी हौस. त्यांनी हसत एक फेरी सोडून दाखवली. ठिपका उसातून निघाला तसे मोठे बाप्येसुद्धा टाळ्या पिटायला लागले. तो थांबला माजी सरपंचांच्या गोठ्यापाशी.

"बगा राव, मशीनच सांगतंय!" सरपंच उठलेच. "पिंजरा आमच्या गोठ्याला."

"अहो भाऊ, ही एकच फेरी झाली. लाल कुठं आहे ते बघा ना!"

पण लोक चपला शोधत होते. पिंजरा गोठ्याला लागला.

थोड्याच दिवसांत, दिवेलागणीला, वस्तीवरची एक तरणी सून ओढ्यावर भांडी घासत होती. बिबट्यानं तिला उसात ओढून नेलं.

"बाईच्या कॉम्प्युटरनं गावाला फसावलं," हे पहिल्यांदा सरपंचच म्हणाले, आणि गावानं माना डोलावल्या. त्या माना आठवल्या की आजही माझं डोकं फिरतं.

बाई वस्तीवर भेटायला गेल्या. मी सोबत होतो. गेलेल्या पोरीच्या सासूनं पाणी दिलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"बाई, त्यो ठिपका तुमी आमच्याकडं आणला असता, तर पिंजरा आमाला गावला असता. येवडं काय जड व्हतं?"

त्याच आठवड्यात बाईंनी माडी रिकामी केली. जाताना माझ्या बायकोला तेवढं म्हणाल्या, "खरं बोलली हो ती, वहिनी. मला नेता आला असता तो ठिपका तिकडं. सहज."