दुर्गेश्वरीची उलटी मोटर

मुर्री गावच्या पुनाराम राहांगडालेंची लेक दुर्गेश्वरी नऊ वर्षांची असताना तिनं टॉर्चचा बल्ब वायरींनी सरळ भिंतीवरच्या प्लगाला जोडला. बल्ब फुटला, फ्यूज उडाला. दोन सेलवर एवढा उजेड पडतो, तर प्लगावर किती पडेल, एवढंच तिला पाहायचं होतं. आईनं पाठीत दोन धपाटे घातले, पण पोरीची खोड काही गेली नाही.

बारा वर्षांची झाली तेव्हा शेतातल्या विहिरीवर नवी मोटर बसली. बसवायला जवळच्या कुडवा गावचा मुन्नालाल मिस्त्री आला होता. काम करता करता तो म्हणाला, "दो वायर इधर की उधर हुई, तो मोटर उलटी घूमेगी." झालं. मोटर उलटी फिरली तर बांधीतलं, म्हणजे धानाच्या शेतातलं, पाणी पाइपातून परत विहिरीत जाईल का? हा प्रश्न दुर्गेश्वरीला चार दिवस झोपू देईना.

पाचव्या दिवशी बाबा दुपारी जेवायला घरी गेले. तिनं मेन स्विच खाली ओढला, कोरड्या फळीवर उभी राहिली आणि पेचकसानं स्क्रू ढिले करून दोन वायरींची अदलाबदल केली. मग मोटर चालू करून ती विहिरीशी धावली आणि काठावर पालथी पडून आत पाहू लागली. पाणी परत येईना. उलट मागं बांधीत पाइपातून, करंगळीएवढी का होईना, धारच लागली. तिला मोठं नवल वाटलं. तेवढ्यात बाबा बांधावर दिसले.

बाबांना वाटलं, नवी मोटर बिघडली. त्यांनी मुन्नालालला बोलावलं. त्यानं मोटरवरची वायरींची पेटी उघडली आणि मान वर केली. "पुनाराम, ये वायर किसने बदली?"

"मी," दुर्गेश्वरी म्हणाली.

बाबांचा हात उठला. मुन्नालालनं तो मधेच धरला. "रुको. बेटी, मेन बंद किया था?"

"हो. फळीवर उभी होती."

"पर काऊन केलंस असं?" बाबा ओरडले.

"पानी वापस हिरीत जाते का, ते पाहाचं होतं."

मुन्नालाल बांधावर बसून पोट धरून हसला.

"हासून काय राहिला? पोट्टी मेली असती," बाबा म्हणाले.

मुन्नालालचं हसू थांबलं. "वो बात सही है." मग त्यानं मातीत बोटानं पंपाचं चक्र काढलं. चक्र कुठल्याही बाजूला फिरो, पाणी बाहेरच फेकतं, उलट्या फेऱ्यात जोर तेवढा कमी, हे त्यानं तिला समजावलं. जाताना बाबांना म्हणाला, "इतवार को दुकान भेजो. वहाँ जली हुई मोटरें पड़ी हैं, करंट का डर नहीं."

पहिल्याच रविवारी त्यानं एक जळकी मोटर तिच्यापुढे ठेवली. "खोल. बिगड़ी हुई है, और क्या बिगाड़ेगी?" संध्याकाळी ती कोपरापर्यंत काळी होऊन घरी आली आणि जेवताना तांब्याच्या तारेबद्दल इतकं बोलली, की भात थंड झाला.

आज कुडव्यात तिचं स्वतःचं वाइंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटरींची तार नव्यानं गुंडाळायचं, दुकान आहे. पार सडक अर्जुनीहून लोक मोटरी घेऊन येतात. गिऱ्हाईक नसलं की दुर्गेश्वरी शटर अर्धं ओढते आणि जुन्या पंख्याच्या मोटरीत चुंबक बसवून ती हातानं फिरवली, तर तिच्यावर टॉर्चचा बल्ब पेटतो का, ते पाहत बसते. परवा पेटला. शेजारच्या किराणावाल्या मंजूला तिनं हाताला धरून ओढत आणून दाखवला.