ट्रंकेचं कुलूप

कामठ्याजवळच्या एका राईस मिलमध्ये मी वायरमन होतो. ते भारनियमनाचे दिवस होते. मिलची रीतच पडली होती: लाईन गेली की मोटारीची दुरुस्ती काढायची आणि लाईन आली की धावत जाऊन मिल सुरू करायची. करंटच नाही, मग मेन स्विच पाडायचा कशाला, असा सगळ्यांचा हिशेब.

मी मेन पाडून फ्यूज खिशात टाकायचो. पण मिल चालवणारे ऑपरेटरकाका माझ्याहून वीस वर्षांनी मोठे आणि भलते उतावळे. ते दुसरे फ्यूज लावून मोकळे! मी तसा चिडका. एक दिवस बायकोच्या ट्रंकेचं कुलूप काढून आणलं आणि मेनच्या हँडलला ठोकलं.

"काऊन गा, मेन कोनी चोरून नेऊन राहिला का?" काका म्हणाले. हमालांना आठवडाभर हसायला विषय मिळाला. घरी बायको उघड्या ट्रंकेवरून बोलायची ती वेगळीच.

धानाचा हंगाम होता. भरदुपारी लाईन गेली. मी कुलूप लावलं आणि धान वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचा पट्टा बदलायला बसलो. दोन्ही हात पुलीत. तेवढ्यात लाईन आली आणि ऑफिसातला बल्ब लागला; ऑफिसची वायर मिलच्या मेनवरून जात नव्हती. काका सवयीने मेनकडे पळाले. हँडलची खडखड ऐकू आली, मग माझ्या सात पिढ्यांचा उद्धार.

काका मशीनला वळसा घालून आले. माझे हात कुठे आहेत ते पाहून धानाच्या पोत्यावर मटकन बसले. "मी तं इसरूनच गेलो होतो गा."

खूप बोलायचं ठरवलं होतं मी. पण त्यांचा चेहरा बघून पाण्याचा गडवा पुढे केला.

चार दिवसांनी मशीनचा रबर रोलर अडकला. आता हात काकांना घालायचे होते. मी मेन पाडला, टेस्टर लावून पाहिला, कुलूप लावलं आणि ऐटीत चाबी खिशात टाकली.

काकांनी हात पसरला. "चाबी मले दे."

मी तडकलो. "कायले? कुलूप माझं आहे!"

"कुलूप तुहं हाये. पन हात माहे हायेत."

मी चाबी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती बंडीच्या आतल्या खिशात घातली, वरून दोनदा चाचपून पाहिली, आणि मगच मशीनमध्ये हात घातले.