गुडघ्याएवढ्या उंचीवर

“अजून शोधतुया की मी, सायेब.” कसं चाललंय विचारलं, की त्याचं हे ठरलेलं उत्तर. हिंजवडी-मारुंजीच्या भिंतींना खळ लावून कागद चिकटवत फिरणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. तोच तो.

उरवड्याच्या आमच्या कारखान्यात तो पॅकिंगला, मी ऑफिसात कारकून. त्याची बायको अलीकडे विसरायला लागली होती. हिंजवडीच्या चौकात आलेला फोन घ्यायला त्याने तिचा हात सोडला, तेवढ्यात ती गर्दीत हरवली.

“तितं मराठी कोन वाचतंय? ती हरवल्याचा कागद इंग्रजीत करून द्या,” म्हणत तो तिचा फोटो घेऊन आला. मी मोठा शहाणा, झोकात मजकूर टाईप केला. त्यातला प्रत्येक शब्द त्याने बोट ठेवून विचारला. ‘सर्च्ड व्हेनली’तल्या ‘व्हेनली’वर बोट थांबलं.

“ह्यो कशाला?”

“म्हणजे शोधलं, पण सगळं फुकट गेलं.”

“खोडा. अजून शोधतुया की मी.”

मी खोडला. मला माझीच लाज वाटली.

दर सुट्टीला पन्नास झेरॉक्स आणि खळीचा डबा घेऊन तो निघायचा. कागद लावायचा मात्र गुडघ्याएवढ्या उंचीवर. “अरे, लोकांना वाकून वाचावं लागतं,” मी चिडून म्हणालो.

“लोकांचं ऱ्हाऊ द्या. ती दमली की भिंतीला टेकून खाली बसती. तिला वाचाया येत न्हाई, पन फोटू तर दिसंल? शोधतुया एवढं तरी कळंल तिला.”

सोसायट्यांचे वॉचमन कागद फाडायचे, हा पुढच्या सुट्टीला पुन्हा लावायचा. तीन वर्षं गेली.

मग एका सोमवारी तो टेबलापाशी आला. “सायेब, त्यो खोडलेला शब्द परत घाला.”

“का रे?”

“काल एकानं इचारलं, बाई बोलती कशी? मला तिचा आवाजच आठवंना.”

मी शब्द घातला. किती झेरॉक्स विचारल्यावर म्हणाला, “एकच.”

दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी त्याच्या खोलीवर गेलो. दाराला कुलूप होतं. कुठं गेला, शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं.

दारावर तो शब्द घातलेला एकच कागद लावलेला होता, खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर. वाचायला मी उंबऱ्याशी खाली बसलो.